बिननावाचं पान

सोनबोडी, ता. साकोली
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय बाबा,

नमस्कार. देवानंद काकांच्या फोनवर लिहिलं असतं तर तासाभरात पोचलं असतं. पण मागच्या वेळी त्यांनी माझा निरोप साऱ्या खोलीला मोठ्यानं वाचून दाखवला आणि आईच्या गुडघ्याचं दुखणं तुमच्या अख्ख्या पाळीला कळलं. तुमच्या साध्या फोनवर मराठी अक्षरं उमटत नाहीत आणि बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही. खाणीतल्या ड्रिल मशीननं तुमचे कान घेतले, पण त्यामुळे मला पत्र लिहिणारा बाप मिळाला.

साकोलीच्या सेतू केंद्रात मला आता सहा महिने झाले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा अर्ज, सगळं मी करते. लोक मला 'मॅडम' म्हणतात आणि घरी आल्यावर आई म्हणते, "मॅडम, शेन काढा." काल मंदाबाई नावाची एक बाई आली होती. तिचा नवरा गेला. पण त्याचं नाव बँकेत एक, रेशनकार्डावर दुसरं. तीन वर्षं ती फेऱ्या मारते आहे. मी तिला तहसीलमध्ये घेऊन गेले, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. ती माझ्या पाया पडायला लागली, मला कसंतरीच झालं.

घरी येताना मात्र वाटभर एकच विचार होता. आपलंही तसंच आहे ना? गावात तुम्ही तुलाराम. माझ्या शाळेत, कॉलेजात, पदवीवर तुलाराम. आणि खाणीच्या कागदांत श्रावण. नोकरीला लागताना बाबूनं चुकीचं लिहिलं, असं तुम्ही सांगितलं होतं. मी लहान होते, हसले होते. पण तुम्ही ३० सप्टेंबरला निवृत्त होणार. उद्या पेन्शन श्रावण दिघोरेच्या नावावर येईल आणि आईच्या आधारवर पती म्हणून तुलाराम. आई मंदाबाई होईल.

मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नावात काय ठेवलं हाय व?" तिच्याकडून हेच येणार. पितृपक्षात ती आजोबांचं पान ठेवते, आजीचं ठेवते आणि तिसरं पान नाव न घेता ठेवते. तुमच्या बुडालेल्या मोठ्या भावाचं. भासऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणे. मी पदवीधर झाले, पण माझ्या मोठ्या बाबाजीचं नाव मला अजून माहीत नाही.

तुमचं नाव मी दुरुस्त करून देऊ का? एवढंच विचारायला हे पत्र.

तुमची,
रंजू

*

खान वसाहत, खोली नं. ४०
२० फेब्रुवारी २०२४

बाई रंजू,

अनेक आशीर्वाद. तुहं पत्र बत्तीघरात भेटलं. बत्ती घेवाच्या लायनीत उभा राहून वाचलं. मागचा म्हने, "दोनशे सतरा, प्रेमपत्र आलं का?" मी म्हनलं, "हो, सेतूच्या मॅडमचं हाय." इथं कोनी कोनाले नावानं बलावत नाही माय, बत्तीच्या नंबरानं बलावते. मंग नाव कोनतंबी असो.

मी बरा हावो. मले आता छत पाहाचं काम हाय. लोखंडी सब्बल घेऊन छत ठोकाचं, अन् आवाज पोकळ आला का तो दगड पाडाचा, नाही त तो खाली मानसावर येते. तू म्हनशीन, बयऱ्या मानसाले आवाजाचं काम कसं? एक हात छताले लावून ठेवतो. पोकळ असलं का तयहाताले समजते.

नावाचं राहू दे. सात महिने रायले. पेन्शनीचा फारम इथले चंद्रकुमार बाबू भरून देनार हायत, ते आपल्या वयखीचे हायत. तू गोरगरिबाचं काम करून राहिली, माही छाती फुगते. पन आपलं काम सोडून दे.

पाकिटावर श्रावणच लिवत जाय. दुसरं काही लिवलं त पोस्टमन वापस धाडते.

तुहा बाबा

*

सोनबोडी
३ मार्च २०२४

प्रिय बाबा,

रागावू नका. तुम्ही 'राहू दे' म्हणालात, पण तुम्ही आयुष्यभर सगळंच राहू दे म्हणत आलात. साहेबासमोर बोलायची भीती वाटते, हे मला कळतं. ती भीती तुमच्या पिढीपर्यंत पुरे. आपल्या घरात आता एक शिकलेलं माणूस आहे.

आणि मला काय सापडलं ते ऐका. आजीच्या पेटीत, जाळ्याच्या जुन्या दोऱ्याखाली, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला होता. तुलाराम दिघोरे, जन्म १९६८. म्हणजे तुम्ही साठ वर्षांचे नाहीच! खाणीनं नाव तर चुकीचं लिहिलंच, जन्मतारीखही चार वर्षांनी मागे ढकलली. हा अन्याय आहे बाबा. पस्तीस वर्षं जमिनीखाली राबलेल्या माणसाचं नाव आणि वय, दोन्ही त्याच्याजवळून काढून घ्यायचं?

मी तहसीलला प्रतिज्ञापत्र केलं: श्रावण दिघोरे आणि तुलाराम दिघोरे ही एकाच व्यक्तीची दोन नावं आहेत. दाखल्याची प्रत जोडली. अर्ज स्वतः टाईप केला, एकही चूक नाही. काल रजिस्टर पोस्टानं खाणीच्या कार्यालयात पाठवलासुद्धा.

केंद्राचे संघपाल सर म्हणाले, "बापाले एकदा विचारलं का?" मी म्हटलं, विचारलं. खोटं बोलले नाही, विचारलं होतंच.

तुमची,
रंजू

*

खान वसाहत
४ मार्च २०२४

रंजू,

दोन दिवस झाले, मनात खटकून राहिलं. तू जिद्दीची हाय. म्हून पुन्हा लिवतो. नावाचा अर्ज करू नको. कोनाले काही धाडू नको. मायच्या पेटीतले कागद काढू नको. काहून, ते मी घरी आल्यावर सांगीन. रोवणीच्या टायमाले येतो, तवा आपन तलावाच्या पारीवर बसून बोलू.

पत्र भेटल्याबरोबर दोन ओळी लिव.

बाबा

*

सोनबोडी
१४ मार्च २०२४

प्रिय बाबा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. अर्ज आधीच गेला. पोचपावतीही आली, गोल शिक्क्याची. मी ती जपून ठेवली आहे.

तुम्ही एवढे का घाबरलात? पेटीतले कागद काढू नको, असं का? मी आईला विचारलं. ती चुलीपुढून उठली आणि तलावावर गेली, धुण्याचे कपडे न घेताच. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "बापाले कागदात शोधाले कोनं सांगतलं होतं तुले?"

काय झालंय ते मला सांगा. मी लहान नाही.

रंजू

*

खान वसाहत
२ जून २०२४

बाई रंजू,

अडीच महिने तुले लिवलं नाही. तुही तीन पत्रं उशीखाली हायत. काय लिवू, हे समजत नव्हतं. आता लिवाच लागते, काहून का परवा आफिसातून नोटीस आली. तुह्या अर्जावरून त्याहीनं आपल्या गावच्या शाळेत मानूस धाडला. शाळेच्या रजिस्टरात दोन नावं निंगाली, एका बापाची दोन पोरं. एक श्रावण, जन्म सप्टेंबर चौसष्ट. दुसरा तुलाराम, जन्म अडसष्ट. नोटिशीत विचारलं हाय, तू यातला कोन?

माय, श्रावण म्हंजे तुहे मोठे बाबाजी. आमचा दादा. ज्याचं पान तुही आई बिननावानं ठेवते, तो.

एकोननव्वदची गोठ. दादाले खानीचा कॉल आला. आमच्या टोलीत सरकारी शिक्क्याचं ते पयलं पाकीट. बापानं ते देवाजवळ ठेवलं होतं. दादा कामावर रुजू होवाच्या आठ दिवस आंधी तलावात गेला. मासोळीचा जाल खाली खुंटाले अडकला होता. तो सोडवाले बुडी मारली, अन् पाय जालात गुतला. मी काठावर होतो. मी पोहून गेलो रंजू, पन जालात गुतलेला मानूस वर येत नाही, तू जितकं ओढशीन तितकं जाल आवळते. त्याचे डोये उघडे होते.

तिसऱ्या दिवशी बापानं पाकीट मह्या हातात देल्लं. म्हने, "एक पोरगा गेला, आता भाकर तरी जाऊ देऊ नोको." कोतवालाच्या हातापाया पडला, म्हून दादा मेल्याचं कुठं लिवल्या गेलं नाही. मी एकवीस वर्साचा होतो. दादाचा दाखला घेऊन आलो. आफिसात बाबूनं विचारलं, "नाव?" मी म्हनलं, "श्रावण." तो एक शब्द बोलाले मले किती टाईम लागला, ते त्या बाबूले नाही समजलं. तवापासून मी जमिनीखाली दादा हाय अन् वर तुहा बाप.

मायनं दादाचं नाव घेऊन कधी पान नाही ठेवलं. म्हने, तुलाराम त्या नावानं जित्ता हाय. जित्त्या नावाचं पान ठेवलं त त्याची उमर घटन. म्हून बिननावाचं. तुही आई तेच पाळते.

तुही काही चुकी नाही. तू खरं लिवलं. तुले खरं मीच नाही सांगतलं. शाळेत तुहं नाव टाकाच्या दिवशी मास्तर म्हने, बापाचं नाव? चंद्रकुमार बाबूनं आंधीच सांगून ठेवलं होतं का श्रावण लिव, पुढं कामी येईन. पन तू मह्या बोटाले धरून होती, लाल फीत बांधून. मह्या तोंडातून तुलाराम निंगालं. तेवढीच एक चोरी मी कंपनीची केली.

पाकिटावर श्रावणच लिवजो.

तुहा बाबा

*

खान वसाहत
९ जून २०२४

चि. रंजू,

मी देवानंद. हे पत्र तुह्या बाबाच्या नकळत लिहून राहिलो. दोन गोष्टी आहेत, त्या तो तुले सांगणार नाही.

पहिली म्हणजे त्याची छाती. चार वर्षांपासून खराब आहे. कोळशाच्या धुळीनं आतून दगड झाला, असं डॉक्टर म्हणते. कंपनीच्या दवाखान्यात कार्डावर त्याले मशीनची हवा भेटते, दर आठवड्याले. तो तुले 'मी बरा हावो' लिहिते, तवा मी बाजूले बसून असतो. नोकरी गेली तर कार्ड गेलं. कार्ड गेलं तर काय होईन, ते तू शिकेल आहे, मी काय सांगू?

दुसरी गोष्ट, वाट आहे. चंद्रकुमार बाबू म्हणते, पोरीनं दुसरं प्रतिज्ञापत्र द्यावं. असं लिहावं की तुलारामचा दाखला चुकून जोडल्या गेला. तुलाराम हा माझा काका होता, एकोणनव्वद साली तलावात बुडून मेला. माझे वडील श्रावणच. त्याच्यावर तुही आणि तुह्या आईची सही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांची साक्ष. फाईल बंद होते. चौकशीची तारीख २८ जून आहे.

मले माहीत आहे, तू खोटं बोलत नाही. तुहा बाबा साऱ्या खाणीले तेच सांगत फिरते. पण विचार कर बेटा.

देवानंद

*

सोनबोडी
१५ जून २०२४

प्रिय बाबा,

पहिलं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. ते असं आहे: मी सही करते.

देवानंद काकांवर रागावू नका, त्यांनी मला छातीचं लिहिलं. मी पुस्तकातल्या अन्यायाविरुद्ध लढायला निघाले आणि तुमची हवा बंद करून आले. तुम्ही म्हणता माझी चूक नाही. मग कोणाची आहे? दाखला पेटीतून मी काढला. प्रतिज्ञापत्राचे शब्द माझे. 'एकही चूक नाही' असं मी तुम्हाला लिहिलं होतं, ते वाक्य आता मला झोपू देत नाही.

नवीन प्रतिज्ञापत्र मी टाईप केलं आहे. 'तुलाराम दिघोरे हे माझे काका असून ते दि. ... मे १९८९ रोजी मयत झाले.' म्हणजे मी तुम्हाला कागदावर मारलं, माझ्या जन्माच्या बारा वर्षं आधी. संघपाल सरांनी वाचलं. म्हणाले, "याच्यानंतर तुझी पदवी कोणाची, हे कोणी विचारलं तर?" मी म्हटलं, विचारू देत. माझ्या दहावीवर, बारावीवर, पदवीवर मेलेल्या माणसाचं नाव राहील. नोकरी नाही मिळाली तर मासोळ्या विकीन, आजीनं विकल्याच ना.

आईनं अंगठा द्यायला हात पुढे केला आणि थांबली. "काय लिवलं हाय वाच," म्हणाली. वाचलं. ती म्हणाली, "कुकू लावून नवऱ्याच्या मरनावर अंगठा दे म्हनते काय व?" पण तुमच्या छातीचं सांगितल्यावर दिला. नंतर किती वेळ बोटाची शाई राखेनं घासत बसली होती.

कागद सोबत आहेत. २८ तारखेला द्या. तुम्ही फक्त श्वास घ्या बाबा, बाकीचं राहू दे.

रंजू

*

खान वसाहत
२४ जुलै २०२४

बाई रंजू,

तुहे कागद मी नाही देल्ले. फाडले.

चौकशीवाल्या सायबाच्या टेबलावर माही फाईल होती. दादाचा फोटू होता तिच्यात, कॉलच्या फारमावरचा, पस्तीस वर्सानं पाह्यला. बावीस-तेवीस वर्साचा पोरगा हाय तो. आता मले पोरासारखा दिसते. सायबानं कागदावर लिवून विचारलं, कारन मले आयकू येत नाही. लिवलं होतं: 'तुमचे खरे नाव काय?' चंद्रकुमार बाबू मागून खुनावून राहिले होते का तो कागद काढ, पोरीचा कागद काढ.

तुहा कागद मह्या खिशात होता. पन रंजू, तुह्या पदवीची झेरॉक्सबी त्याच खिशात होती. दोन साल झाले, मी ती प्लास्टिकमंधी घालून खाली नेत असतो, जेवाच्या टायमाले सोबत्याईले दाखवतो. 'रंजू तुलाराम दिघोरे.' माहं नाव सात-बारावर नाही, बँकेत नाही, पगाराच्या कागदावर नाही. साऱ्या दुनियेत तुहे कागद, तुह्या आईचं आधार अन् गावची मतदार यादी, एवढ्याच जागी मी माह्या नावानं हाय. त्यातला तुहा कागद मी तुलेच खोटा करू देऊ? मंग पस्तीस साल मी खाली कायच्यासाठी गेलो होतो?

मी पेन घेतला अन् लिवलं, 'तुलाराम.' सई केली. सायबानं मह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, आता मोकळं वाटन. तसं काही वाटलं नाही. नुसता खोकला आला.

काल आर्डर आली. कामावरून काढलं. फसवून नोकरी केली, म्हून मागचं काही भेटनार नाही. दवाखान्याचं कार्ड जमा केलं, बत्ती जमा केली. बत्तीवाला कैलाश म्हने, "दोनशे सतरा, उद्या कोनती पाळी?" त्याले कोनं सांगतलं नव्हतं. मी म्हनलं, "सुट्टी हाय."

देवानंद रोवणीले त्याच्या गावी गेला, पुढच्या महिनाअखेरपर्यंत खोली त्याच्याच भरवशावर हाय. मी गावी येवाचं म्हनतो. पन लोकाईत बोभाटा झाला असन, खानीचा मानूस आला होता शाळेत चौकशीले. तुह्या केंद्रातबी लोक बोलत असतीन, मॅडमचा बाप चोर निंगाला. तुले लाज वाटत असन त मी इथंच काही पाहीन, चौकीदारी वगैरा. लाज वाटत नसन त दोन ओळी लिव. तुहं पत्र आलं का निंगतो.

तुहा बाबा,
तुलाराम

(सई पाह्यली काय? अजून हात बसला नाही.)

*

सोनबोडी
२९ जुलै २०२४

प्रिय बाबा,

या. आजच निघा. पत्र हातात पडताच निघा.

मला लाज वाटते ती फक्त माझी. तुमची नाही, कधीच नाही वाटणार. काल केंद्रात एकानं विचारलंच, "तुमच्या बाबाचं काय आयकलं मॅडम?" मी म्हटलं, "माझ्या बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं." त्यानं अर्ज पुढे सरकवला.

साकोलीच्या सरकारी दवाखान्यात मी हवेच्या मशीनचं विचारून आले. भंडाऱ्याला आहे म्हणाले. भंडाऱ्याला नेईन, नागपूरला नेईन. तुमच्या फोनवर तीनदा लावला. वाजतो, वाजतो, बंद होतो. तुम्हाला ऐकू येत नसणार. देवानंद काकांचा लागत नाही, त्यांच्या गावात रेंज नाही वाटतं.

आईनं शेण-पाणी टाकून अंगण सारवलं. तुमच्या आवडीची बोटरी मासोळी वाळवून ठेवली आहे. म्हणते, "येऊ दे त्याले, मंग पाहातो, इतकं मोठं मनात ठेवून कसा झोपे तो."

तुमची सही मी पुन्हा पुन्हा पाहिली. सुरेख आहे. आणि बाबा, आज मी पाकिटावर पहिल्यांदा तुमचं खरं नाव लिहिलं. श्री. तुलाराम दिघोरे. मोठ्या अक्षरांत. आता कोणापासून लपवायचं?

वाट पाहते.

तुमचीच,
रंजू

*

खान वसाहत
२५ ऑगस्ट २०२४

चि. रंजू,

फोनवर मी तुले नीट सांगू शकलो नाही. तू दहनाले आली तवाही तोंड उघडलं नाही. आता लिहितो, कारण तू विचारलं होतं, बाबा निघाले काहून नाही? दहनानंतर तुले ते पाकीट शिक्क्यासह वापस आलं, त्याचा फोटूही तू पाठवला. 'या नावाचा इसम येथे राहत नाही.'

मी अकरा तारखेले रोवणीहून वापस आलो. तो खोलीतच होता, बॅग भरून, दोरीनं बांधून. म्हणे, "पोरीचं पत्र येवाचं हाय." उठून चालता येत नव्हतं, पण रोज दहा वाजता चहाच्या टपरीवर जाऊन बसे. पोस्टमन तिथं सायकल लावते आणि नावं पुकारते. हा पोस्टमनले चिठ्ठी दाखवे, 'श्रावणच्या नावाचं?' तो मान हलवे.

मी पोस्टमनले नंतर विचारलं. तो म्हणाला, एक पत्र आलं होतं साकोलीकडचं, तुलाराम म्हणून. टपरीवर दोनदा पुकारलं, "तुलाराम दिघोरे कोन हाय?" कोणी उठलं नाही, म्हणून वापस केलं. मी विचारलं, तवा दोनशे सतरा तिथं होता का? तो म्हणाला, "होता ना. समोरच्या बाकावर. चहा पीत होता."

त्याले ऐकू आलं नाही बेटा.

मी म्हटलं, चल, मी नेतो गावी, नाही तर पोरीले फोन लावतो, पत्राचं काय घेऊन बसला? तर म्हणे, "तिनं बलावलं नाही, तिले लाज वाटत असन." तेरा तारखेच्या पहाटे दम लागला. कंपनीच्या दवाखान्यात गेटवर कार्ड मागितलं. सरकारी दवाखान्यात नेता नेता रस्त्यात गेला. तिथं त्याच्या खिशात आधार होतं, खाणीच्या पत्त्याचं. त्याच्यावरून त्याहीनं श्रावण लिहिलं. मी सांगितलं, नाव तुलाराम. ते म्हणे, कागद दाखव.

त्याची बॅग पाठवतो. सब्बल कंपनीची होती, ती जमा केली. प्लास्टिकमधली झेरॉक्स त्याच्या वरच्या खिशात होती, ती वेगळी ठेवली आहे.

तुहा काका,
देवानंद

*

सोनबोडी
२२ सप्टेंबर २०२५

देवानंद काकांस नमस्कार.

वर्षभर तुम्हाला लिहिलं नाही. लिहायला बसले की पाकिटावर नाव घालावं लागतं आणि हात थांबतो.

मी अजून सेतू केंद्रातच आहे. 'एकाच व्यक्तीची दोन नावं' हे प्रतिज्ञापत्र आठवड्यातून दोन-तीनदा तरी टाईप करते. लोकांना तीन-तीनदा विचारते, खरंच एकच माणूस आहे ना? लोक चिडतात. बाबांचा मृत्यू तुलाराम नावानं नोंदवायला मी ग्रामपंचायतीत अर्ज केला. ग्रामसेवक म्हणाले, मृत्यू आपल्या हद्दीत झाला नाही आणि जिथं झाला तिथं श्रावण मेला आहे. "तुमच्या बाबांचं नाव मतदार यादीत चालू आहे, मॅडम." आईला विधवेचं अनुदान मिळत नाही. कागदावर ती सवाष्ण आहे. मंदाबाईचं काम झालं, ती परवा पेढे घेऊन आली होती.

काल सर्वपित्री होती. आईनं चार पानं मांडली. भात, वडे, बाबांच्या पानावर बोटरीचा तुकडा. आजोबांचं नाव मी घेतलं, आजीचं घेतलं. तिसरं पान आलं. छत्तीस वर्षांत या घरात ते नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मी घेतलं. श्रावण दादा, जेवा. आई पदर तोंडात धरून बसली होती, पण तिनं अडवलं नाही. त्यांचं मरण आता नोंदलेलं आहे, शिक्क्यासह.

मग चौथं पान. मी तोंड उघडलं तोच आईनं माझं मनगट धरलं.

"नोको," म्हणाली. "कागदावर जित्ता हाय तो. जित्त्या नावाचं पान नाही ठेवत."

मला तिला समजावता आलं असतं. मी शिकलेली आहे. पण पान तसंच बिननावानं छपरावर ठेवलं आणि आम्ही दोघी खाली येऊन बसलो.

कावळा पहिल्या तीन पानांना शिवला. चौथ्याची वाट आम्ही दुपार टळेपर्यंत पाहिली.

रंजू तुलाराम दिघोरे